पॉइंटांवरची येळवस

क्रेडिट कार्डाचे पॉइंट महिनाअखेरीस बाद होणार, असा निरोप आला तेव्हा मी ऑफिसात दरपत्रकं तपासत बसले होते. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी काम करते. मुदत उलटून गेलेला माल गोदामात सापडला की माझं डोकं फिरतं. इथे तर माझ्याच नावावर वर्षानुवर्षं साचलेला माल वाया चालला होता.

संध्याकाळी चहा घेता घेता अ‍ॅप उघडलं. पॉइंटांच्या बदल्यात बॅगा होत्या, इस्त्र्या होत्या, आणि आमच्या घरात आधीच दोन असलेला मिक्सर होता. त्याखाली ‘खास अनुभव’ नावाचा एक कप्पा सापडला. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात आचाऱ्याबरोबर पास्ता करायचा. बंगळुरात स्वतःचं अत्तर बनवायचं. कुणा निवृत्त क्रिकेटपटूबरोबर न्याहारी करायची. न्याहारीच्या जागा भरल्या होत्या. पास्ता मला येतो. अत्तरासाठी विमानाने जावं लागलं असतं, आणि विमान काही पॉइंटांत बसत नव्हतं.

असलं काही शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. आपण आधी शहर निवडतो आणि तिथेच फसतो. शहराचा रकाना रिकामा सोडावा आणि फक्त तारीख टाकावी. मग ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही त्या गोष्टी वर येतात. मला अशीच एक ओळ दिसली : ‘वेळ अमावस्या. शेतकरी कुटुंबासोबत रानातली मेजवानी. कोहिनूर, तालुका बसवकल्याण, जिल्हा बीदर. मोजक्याच पाहुण्यांसाठी.’

वेळ अमावस्या, तिकडच्या बोलीत येळवस, मला ऐकून माहीत होती. आमच्याकडे एक लातूरचा मुलगा आहे. तो दिवाळीला कामावर येईल, पण मार्गशीर्षातल्या या अमावस्येला येत नाही. रजा नाकारली तर नोकरी सोडीन म्हणतो. म्हटलं, बघून तरी येऊ. दोघांच्या जागा घेतल्या. निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्याची कंबर धरली. रद्द केल्यास पॉइंट परत मिळत नाहीत हे मी आधी वाचायला हवं होतं, तेही शोधणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. मी एकटीच निघाले, दोन जागा घेऊन.

भालकी

लातूर, उदगीर मागे टाकून गाडी भालकीला आली तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. उसाच्या गाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या. बाजारात त्या दिवशी मातीच्या मडक्यांचे ढीग लागले होते. मुंबईहून, हैदराबादहून सणाला आलेली माणसं बसमधून उतरत होती, ती घरी जायच्या आधी मडकी घेत होती. बोटाने टिचकी मारायची, कान द्यायचा, मगच हातात घ्यायचं.

मी मडकेवालीला विचारलं, “कशासाठी ही सगळी?”

“आंबिलीला. उद्या येळवस न्हाई का!” ती म्हणाली. “तुमी कुठल्या?”

“पुण्याची. तेच बघायला आलेय. कोहिनूरला.”

“कोण हाय तितं तुमचं?”

“कोणी नाही. बुकिंग केलंय.”

तिने हातातलं मडकं खाली ठेवलं आणि शेजारच्या बांगडीवालीला हाक मारली. “फातिमा, ऐकलीस का? ह्या अक्कानं येळवशीचं बुकिंग केलंय!”

“पैशे देऊन?” फातिमा तिथूनच ओरडली.

“पैसे नाही, पॉइंट,” मी म्हटलं, आणि पॉइंट म्हणजे काय ते सांगितलं. मडकेवालीने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे आदी तुमी खर्च करायचा. मग खर्चलाव म्हणून ते बक्षीस देतेत. आन् त्या बक्षिसात तुमी भज्जी खायलाव.”

“हो.”

“उद्या ह्या रस्त्यानं नुसतं चालत जावा की. धा जण हात धरून रानात वडतेल. येळवशीला कुणाला माघारी लावत न्हाईत. न्हाई म्हणलं तर आमाला राग येतो.”

फुकट मिळणारा माल मी विकत घेतला होता. खरेदी विभागातल्या माणसाला याहून मोठा टोमणा नाही. दोघी बराच वेळ हसत होत्या. मी एक लहान मडकं विकत घेतलं, निदान ते तरी रोख घेतलं.

हुमनाबाद

आम्हा पाहुण्यांना रानात नेणारी गाडी हुमनाबादहून सुटणार होती, म्हणून मुक्काम तिथे. पुणे-हैदराबाद महामार्गावरचं गाव. लॉऱ्या, टायरची दुकानं, धाबे. लॉजच्या नळाला गरम पाणी येतं असं सांगितलं होतं, ते आलं, पण बेसिनच्या नळाला. मी बादली बेसिनपर्यंत नेली आणि अंघोळ उरकली.

जेवायला पातळ, कडक ज्वारीची रोटी आणि शेंगांची चटणी. वाढणाऱ्याने मला आधी कानडीत विचारलं, मग दखनी उर्दूत, मग मराठीत. कुठल्याही भाषेत त्याच्या कपाळावर आठी नव्हती. पुण्यात आमच्याकडे भाषेवरून माणसं एकमेकांना फैलावर घेतात. इथे ज्या भाषेत रोटी गरम येईल ती भाषा.

तिथेच इरफान भेटला. हा कार्यक्रमवाल्यांचा माणूस, कलबुर्गीचा, तिशीतला. दोन्ही हातांत एकेक फोन. त्याने मनगटावर बांधायच्या, बुकिंगचा कोड छापलेल्या दोन पिवळ्या पट्ट्या माझ्यापुढे ठेवल्या.

“सर किधर?”

“घरी. कंबर धरली.”

“दोनों रखो मॅडम. सीट तो तुम्हारीच है.”

कोहिनूर

सकाळी गाडीतून उतरलो आणि मला जागेचा अंदाज यायला थोडा वेळ लागला. गाव रिकामं होतं. सगळं गाव रानात होतं. काळ्या मातीत कणसांत आलेली ज्वारी, मध्ये करडईचे पट्टे, तुरीच्या ओळी, आणि प्रत्येक शेतात कडब्याची एक कोप. कोप म्हणजे कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेलं तात्पुरतं छप्पर. बायका डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेली आंबिलीची मडकी घेऊन बांधाबांधाने चालल्या होत्या. एका शेतातून दुसऱ्या शेताला हाका चालल्या होत्या.

आमच्या यजमानीणबाई कमलअक्का. चाळिशी ओलांडलेल्या, बारीक, बोलायला चटपटीत. त्यांचे यजमान सिद्धार्थ कमी बोलणारे, चुलीपाशीच. आम्ही पाहुणे म्हणजे मी, बंगळुरूची चार तरुण संगणकवाली पोरं, आणि हैदराबादचं एक जोडपं. नवरा-बायको दोघं पांढऱ्या कपड्यांत आले होते. काळ्या रानात पांढरे कपडे, हा निर्णय त्यांना तासाभरात महागात पडला.

हैदराबादच्या बाईंनी उतरल्या उतरल्या विचारलं, “पूजा कितने बजे? प्रोग्राम में लिखा है.”

“आमच्यात पूजा न्हाई,” कमलअक्का म्हणाल्या. “आमी बौद्ध. सासऱ्याच्या बापानं ते समदं सोडलं. पर रान आमचं हाय, पीक आमचं हाय. मग भज्जी कामून सोडायची? पूजा बघायची तर पल्याडच्या रानात बघा, जेवायला इकडं या.”

बाईंना हे पटलं की नाही कळलं नाही, पण त्या खाली बसल्या.

मला नुसतं बसवत नाही. मी चुलीपाशी जाऊन वाटाणे सोलायला घेतले. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, शेंगदाणे, हाताला लागतील त्या पालेभाज्या, हे सगळं ताक आणि बेसनात शिजवायचं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे. पातेलं एवढं मोठं होतं की पाहुण्यांना ते पुरून उरलं असतं.

“एवढं कुणासाठी?” मी विचारलं.

कमलअक्का डाव हलवत होत्या. त्यांनी शेजारच्या शेताकडे हनुवटी केली. “शिवप्पा आप्पा येणार हायत. घरच्यांना घिऊन.”

मग त्यांनी सांगितलं. शेजारचं रान हिंदू शेतकऱ्याचं, पिढ्यानपिढ्या लागून. बोलणं-चालणं सगळं. येळवशीला आप्पा बांधावर यायचे, हालहवाल विचारायचे, विड्याचं पान घ्यायचे आणि जायचे. जेवले कधीच नाहीत. त्यांचे वडीलही नाही. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही घरांनी मिळून एक बोअर पाडली आणि एकच पाइप दोन्ही रानांत फिरवला.

“तवा आप्पाच म्हणले, कमल, पाणी एका पाइपातनं घ्यायलाव, मग तुज्या भज्जीनं काय केलंय? यंदा येळवशीला जेवायला येतो. बायकू-सून घिऊन.” त्यांनी डाव पातेल्याच्या काठावर आपटला. “समद्या गावासमोर म्हणले. आता बगू.”

त्या ‘बगू’ एवढ्या सहज म्हणाल्या, की सकाळपासून किती वेळा त्या बांधाकडे बघत होत्या हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आणि त्याच बांधावर इरफान निळी नायलॉनची दोरी बांधत होता. एक टोक बाभळीला, दुसरं खुंटीला. मध्ये फलक : ‘प्रवेश फक्त बुकिंग केलेल्यांना.’

“हे काय?” कमलअक्का उठल्या.

“अक्का, ऑफिस का रूल है. मागल्या टायमाला दुसऱ्या गावात बाहेरचे लोक घुसले, गेस्ट लोकांनी कम्प्लेंट केली. मेरी पगार कटी. कोड दिखाया तो अंदर, नहीं तो नक्को.”

“येळवशीला दोरी? आरं, आज कुणाला माघारी लावत न्हाईत!”

“मेरेकू मालूम है अक्का. ऑफिस को नहीं मालूम ना.”

सिद्धार्थ चुलीपासून उठले आणि पुन्हा बसले. हुरड्याच्या हंगामात दर रविवारी पाहुणे आणायचं याच कार्यक्रमवाल्यांनी कबूल केलं होतं. आजचा दिवस बिघडला तर ते गेलं. ते त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. कमलअक्कांनी सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, “आमच्या रानात यायला लोकांनीच दोरी बांदली होती, न दिसणारी. आता आमीच बांदली म्हणतेल.”

बाहेरून माणसं जात होती. बांधाशी यायची, फलक बघायची, पुढे जायची. एकदोघं हसली. कुणीतरी म्हणालं, “कमलक्का लई मोठी झाली गा!”

मी इरफानशी बोलून बघितलं. पुरवठादारांशी बोलायची सवय कामी येईल असं वाटलं होतं. आली नाही. तो उद्धट नव्हता, घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला मुद्दे पटत नाहीत.

शिवप्पा आप्पा आले ते दुपारच्या सुमाराला. पांढरं धोतर, डोक्याला पागोटं, हातात काठी. मागे त्यांची बायको आणि सून सुनंदा. सुनंदाच्या हातात झाकणाचा डबा होता. तिघंही धुतल्या कपड्यांत. शेजारच्या रानात जायला कोणी एवढं नटत नाही.

इरफान पुढे झाला. “अप्पा, कोड?”

“कसला कोड?”

“बुकिंग का.”

आप्पांनी फलक वाचला. सावकाश वाचला. मी उठून गेले. माझ्या खिशात नवऱ्याची पिवळी पट्टी होती, आणि मला वाटलं प्रश्न सुटला.

“इरफान, माझी एक जागा रिकामी आहे. हे माझे पाहुणे.” मी पट्टी आप्पांपुढे धरली.

आप्पांनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मला कमलनं बोलावलंय. तुमी कोण?”

मी पट्टी खिशात घातली. तशीही ती एकच होती आणि माणसं तीन.

“चला वो घरी,” त्यांची बायको म्हणाली. “आपल्या रानात काय कमी हाय? उगी हसं करून घ्यायचं.”

आप्पा वळले. काठी त्यांनी आधी वळवली, मग ते.

“आप्पा, थांबा!”

कमलअक्कांनी पदर खोचला होता. भज्जीच्या पातेल्याची एक कडी फडक्याने धरून त्या सिद्धार्थना म्हणाल्या, “धरा तिकडून.” सिद्धार्थनी दुसरी कडी धरली. दोघं पातेलं घेऊन निघाले, दोरीपाशी वाकले, पातेलं दोरीखालून सरकवलं आणि पलीकडे बांधावर नेऊन ठेवलं.

“जेवण माजं हाय,” कमलअक्का म्हणाल्या. “मी बसंल तितं पंगत. दोरीच्या आत कुणाला येऊ देऊ नको म्हणलास ना इरफान? न्हाई येत कोण. तू राख ती कोप.”

मी आंबिलीचं मडकं उचललं. ते मी समजले होते त्याच्या दुप्पट जड होतं. दोरीखालून वाकताना पाय ढेकळावर पडला आणि ओंजळभर आंबील माझ्या कुर्त्यावर सांडली. लसूण आणि आंबट ताकाचा वास पुण्यापर्यंत माझ्याबरोबर आला. मागून बंगळुरूची पोरं भाकरीची टोपली आणि उंडे घेऊन आली, त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा. हैदराबादचे गृहस्थ कोपीत तसेच बसून राहिले. आपण मोजक्या पाहुण्यांपैकी आहोत आणि मेजवानी आतच आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांच्या बायकोने चपला घातल्या. “अंदर में कडबा है, तुम खाओ,” म्हणून ती बाहेर आली. थोड्या वेळाने तेही आले.

बांधावर पंगत बसली. कमलअक्कांनी आप्पांपुढे पत्रावळ मांडली, दोन उंडे ठेवले, वर भज्जी घातली. मग त्या दुसऱ्यांना वाढायला गेल्या, पण पाठ त्यांच्याकडे केली नाही. सिद्धार्थ नको तिथे पाणी वाढत होते. रस्त्याने जाणारे दोघं-तिघं थांबले होते. मीही माझ्या पानाकडे बघत होते आणि माझ्या पानावर काय आहे ते मला दिसत नव्हतं.

आप्पांनी उंडा फोडला. भज्जीत बुडवला. खाल्ला. चावायला त्यांना वेळ लागतो, तेवढा लागला.

“मीठ कमी हाय,” ते म्हणाले.

“घरनं आणायचं होतं की!” कमलअक्का म्हणाल्या.

सगळ्यात आधी सुनंदा हसली, मग आप्पांची बायको, मग रस्त्यावरचे. आप्पांनी पत्रावळ पुढे केली, आणखी घालण्यासाठी. हुश्श झालं. सुनंदाने डबा उघडला. गव्हाची खीर होती. तिने पहिला डाव कमलअक्कांच्या वाटीत घातला आणि ती खाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

रस्त्यावर थांबलेले येऊन बसले. आणखी आले. इरफान दोरीच्या आत एकटा, रिकाम्या कोपीची राखण करत होता.

“इरफान,” कमलअक्कांनी हाक मारली, “तू बी ये जेवायला. कोड हाय का तुज्यापाशी?”

बिचारा लाजला. दोरीखालून वाकून आला, आणि एकदा बसल्यावर मात्र लवकर उठला नाही. मधेच म्हणाला, “ऑफिस को क्या बोलूं मैं?”

“सांगा, पाहुणे बांधावर जेवले,” मी म्हटलं. “बांध शेताचाच असतो.”

आंबील पहिल्या घोटाला आंबट लागते, दुसऱ्याला थंड, आणि तिसऱ्यानंतर डोळे मिटायला लागतात. जेवून मी तुरीच्या सावलीत आडवी झाले. आमच्याकडे न सांगता पाहुणा आला तर आपण आधी स्वयंपाकघरात डोकावून पोळ्या बघतो, मग हसून ‘या’ म्हणतो. मीही तेच करते. इथे पातेलंच त्या हिशेबाने चढवलेलं असतं, म्हणून चेहरे सैल असतात. हैदराबादच्या गृहस्थांनी तिसऱ्यांदा भज्जी मागितलेली मी झोपेत ऐकली. त्यांची पँट तोवर रानाच्याच रंगाची झाली होती.

परत

दुसऱ्या दिवशी गाडीला अवकाश होता, म्हणून बीदरचा किल्ला बघितला. मोठा आहे, बघण्यासारखा आहे, आणि आत पाण्याची बाटली घेऊन जावी. गाडीतच अ‍ॅपने विचारलं, अनुभव कसा वाटला? मी सगळे तारे दिले. खाली शेरा लिहायची जागा होती. ‘दोरी लावू नये. जेवण चांगलं. यजमानांना हुरड्यासाठी जरूर काम द्यावं,’ एवढं लिहिलं. ऑफिसात लिहिते तसंच. पण हैदराबादचे गृहस्थ काय लिहितील याची धाकधूक पुण्यापर्यंत राहिली.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, “पॉइंट वसूल झाले?” म्हटलं, “तुझेसुद्धा.”

जानेवारीत एका सोमवारी कमलअक्कांचा फोन आला. आदल्या दिवशी हुरड्याचे पहिले पाहुणे येऊन गेले होते. इरफानच घेऊन आला होता. पुढच्या रविवारीही येणार.

“आणि आप्पा?” मी विचारलं.

“आप्पा की? रोज येतेत. आता च्या बी मागतेत, आन् साकर कमी हाय म्हणतेत.”

“दोरी लावली का इरफानने?”

“कुठली दोरी? ती निळी?” कमलअक्का हसल्या. मागे कुठेतरी शेळी ओरडली. “ऐकलाव का? तिच्या गळ्यात हाय.”